उजव्या कोपऱ्यातला गुडघा

धुळ्याच्या एसटीला पायऱ्या तीनच. पण त्या दिवशी जळगावच्या स्टँडवर, पावणेबाराच्या गाडीला, कय्युम त्या तीन पायऱ्या ज्या रीतीने चढला ते पाहून बन्सीलाल सरांच्या हातातला शेंगदाण्याचा पुडा हातातच राहिला. आधी डावा पाय वर. मग दोन्ही हातांनी दांडा धरून उजवा पाय ओढून त्याच पायरीवर, डाव्याच्या शेजारी. पुन्हा डावा. पुन्हा उजवा त्याच पायरीवर. एखादं भरलेलं पिंप दोघांनी मिळून गाडीत चढवावं तसं कय्युमने कय्युमला गाडीत चढवलं. वर पोचल्यावर त्याने आधी मागे वळून पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. बन्सीलाल सर तोवर खांबाआड झाले होते. का झाले, ते त्यांनाही नीट कळलं नाही. हाक मारायला हवी होती. एरवी मारलीच असती. दोघं एकाच कामाला, एकाच हॉलवर, एकाच संघाच्या खर्चाने निघाले होते. पण त्यांनी पुडा खिशात घातला आणि खांबाआडच थांबले. गाडी सुटायला आल्यावर ते हळूच मागच्या दाराने, म्हणजे दार एकच असल्यामुळे पुढच्याच दाराने, पण मागच्या दाराने चढल्यासारखे, मान खाली घालून चढले आणि कय्युमच्या मागे पाच बाकं सोडून बसले. पेपर उघडला. पेपरच्या वर कय्युमचं डोकं दिसत होतं, आणि पेपर थोडा बाजूला केला की वाटेत काढून ठेवलेला त्याचा उजवा पाय. सरळ. दुमडता येत नसलेल्या छत्रीसारखा.

हा पाय तीन हंगाम तापीकाठ टायगर्सच्या उजव्या कोपऱ्यात उभा होता. कबड्डीत उजवा कोपरारक्षक म्हणजे गुपचूप काम करणारा माणूस. चढाई करणारा समोर नाचत असतो आणि हा कडेला वाकून त्याच्या घोट्याकडे बघत असतो. घोटा हाताशी आला की हा गुडघ्यावर पडतो आणि उठत नाही. खान्देशातल्या या लीगमध्ये कय्युमच्या तावडीतून सुटलेले घोटे मोजायला एका हाताची बोटं पुरत. गर्दी ओरडे ती चढाईवाल्याच्या नावाने. कय्युमचं नाव फक्त विमा कंपनीच्या फॉर्मवर आणि बन्सीलाल सरांच्या फाइलमध्ये पूर्ण लिहिलेलं असे.

ती फाइल आत्ता सरांच्या मांडीवर होती. बन्सीलाल सर जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स शिकवत. विनाअनुदानित तुकडी. एकोणीस वर्षं नोकरी, पण दरवर्षी अकरा महिन्यांची; म्हणजे एकोणीस नोकऱ्या. दर जूनमध्ये संस्थेच्या बाहेरच्या बाकावर ते बसून राहत, आत बोलावलं की आत जात, सही करत, आणि घरी येऊन बायकोला, कोकिळाला, सांगत, झालं म्हणून. कोकिळा विचारत नसे, काय झालं. संस्थेच्या मंडळावर रावेरचे प्रेमराज शेठ होते, आणि प्रेमराज शेठनी दोन वर्षांपूर्वी कबड्डीचा संघ घेतला तेव्हा त्यांना हिशेब कळणारा आणि नाही म्हणता न येणारा माणूस हवा होता. असा माणूस बाकावर बसलेलाच होता. तेव्हापासून सर संघाचे मॅनेजर.

शेठचा धंदा केळीचा. केळीच्या बाजारात मालाचे तीन भाव निघतात. नवती, म्हणजे नव्या लागणीचा माल. पिलबाग, म्हणजे त्याच बुडख्याच्या पिलावर आलेली दुसरी खेप. आणि वापसी, म्हणजे आधीच्या काढणीतून मागे राहिलेला, कमी भावाचा. शेठ खेळाडूंकडेही याच तीन डोळ्यांनी पाहत. नवा पोरगा आला की नवती. करार वाढवलेला की पिलबाग. तिसरा शब्द ते मोठ्याने उच्चारत नसत, खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवत. ज्याच्या खांद्यावर शेठचा हात पडे तो पुढच्या हंगामात दिसत नसे. संघातल्या पोरांनी म्हणून शेठ आले की भिंतीला पाठ लावून उभं राहायची सवय लावून घेतली होती.

पाळधी गेलं. गाडीत थंडी होती, जानेवारीची, खिडक्यांच्या फटीतून येऊन मांडीवर बसणारी. शेजारी एक म्हातारी होती, वच्छलाबाई नावाची. नाव तिने स्वतःच सांगितलं होतं, लेकीकडे मुकटीला चालले हेही सांगितलं होतं. सर मान हलवत होते आणि पाय पाहत होते. गाडीने खड्डा घेतला की कय्युमची मान ताठ होई आणि उजवा हात आपोआप गुडघ्यावर जाई. हात गुडघ्यावर ठेवणं यात तसं काही नाही, माणसं ठेवतात. पण हा हात ठेवल्यासारखा नव्हता. झोपलेलं मूल दचकून उठू नये म्हणून त्याच्यावर ठेवतात तसा होता. सरांना वाटलं, आपण हे पाहिलंच नसतं तर. शेंगदाणे घ्यायला दोन मिनिटं आणखी लागली असती तर. फक्त दोन रुपये सुटे नसते तर. पाहणं ही किती छोटी गोष्ट, आणि ती आता परत करता येत नव्हती.

कारण आज चार वाजता धुळ्याला लीगची खेळाडू नोंदणी होती. डॉक्टर तपासणार, मॅनेजर सही करणार. आणि त्या सहीवर सहा लाख टांगलेले होते.

ती सहा लाखांची गोष्ट बन्सीलाल सरांनीच घडवली होती, आणि घडवली तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपण हुशार असल्यासारखं वाटलं होतं. लीगचा नियम असा की कुठल्याही संघाने एका हंगामात खेळाडूंच्या मानधनावर साठ लाखांच्या वर जायचं नाही. श्रीमंत संघाने सगळेच चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून ही मर्यादा. सगळे तिला कॅप म्हणत. यंदा शेठना हरियाणाचा एक चढाईवाला हवा होता. पैसे होते, जागा नव्हती. साठातले साठ भरलेले. सहा लाखांची जागा करायची कुठून? सर दोन दिवस कागद घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी रावेरला गेले. कय्युमचे यंदाचे नऊ लाख ठरलेले होते. तो करार मोडायचा आणि नवा करायचा: यंदा तीन, पुढल्या वर्षी तीन, त्याच्या पुढल्या वर्षी तीन. माणूस तोच, रक्कम तीच, फक्त पसरली. यंदाच्या कॅपमध्ये तीनच दिसणार. सहा मोकळे. शेठनी दोनदा समजून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "म्हणजे उधारी."

"पुनर्रचना," सर म्हणाले.

शेठ हसले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सर त्या वेळी अंग चोरून उभे होते ते त्यांना आत्ता, एरंडोलच्या अलीकडे, आठवलं. कौतुकाचा हात होता. असावा.

कय्युमने सही केली ती रावेरला शेठच्या केळीच्या शेडमध्ये, खोक्यांच्या थप्पीवर कागद ठेवून. सर त्याला समजावू लागले तर तो म्हणाला, "तुम्ही वाचलंय ना सर?" सर म्हणाले, वाचलंय. "मग झालं. तीन साल खेळवणार म्हणजे. चौतिसाव्या वर्षी तीन सालाचा कागद कोण देतं?" त्याला ते पसरणं म्हणजे मान वाटला. पैसे मागे गेले हे त्याला दिसत होतं, पण आपण पुढे गेलो असं वाटत होतं. हंगाम नसेल तेव्हा तो धुळ्याला यंत्रमागावर असे, हंगामात सरावासाठी जळगावला. बारा तास उभं राहायचं, चार मागांच्या मधल्या बोळातून फिरत राहायचं, तुटलेला धागा जोडायचा. तीन वर्षांनी स्वतःचे दोन माग टाकायचे त्याच्या मनात होतं. सर परत निघाले तेव्हा त्याने बायकोने, सबाने, दिलेला डबा सरांना दिला होता. खिचडा, गहू-डाळ-मटणाचा. अजून गरम होता. सरांनी तो बसमध्ये खाल्ला आणि बोटं चाटली.

पण डबा खाऊन झाल्यावर दोन महिन्यांनी, परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षण करताना, मुलं खाली माना घालून लिहीत असताना, सरांना कलम नऊ दिसलं. कागद समोर नव्हता, तरी दिसलं. करार टाइप करायला त्यांच्याकडे नमुना नव्हता. शेठच्या कॉम्प्युटरवर केळी खरेदीचा सौदा होता. चांगला, वकिलाने केलेला. सरांनी तोच घेतला आणि 'माल' होता तिथे 'खेळाडू' घातलं, 'उतरण', म्हणजे माल उतरवून घेणं, होती तिथे 'नोंदणी' घातली. कॉम्प्युटर ही कामं एका फटक्यात करतो, म्हणून ती वाचावी लागत नाहीत. कलम नऊ असं झालं होतं: नोंदणीपूर्वी खेळाडू दबका वा डागी निघाल्यास उर्वरित रक्कम देणे खरेदीदारावर बंधनकारक राहणार नाही. केळीत दबका म्हणजे दाबून आतून खराब झालेला माल, डागी म्हणजे डाग पडलेला. सर पर्यवेक्षकाच्या खुर्चीतून उठले, वर्गातून एक फेरी मारली, खिडकीपाशी गेले. एका मुलीला वाटलं तिची कॉपी सापडली, ती रडायला लागली. करार तोवर लीगच्या कचेरीत दाखल झाला होता. शेठना सांगावं तर शेठना ते कलम आवडलं असतं. कय्युमला सांगावं तर काय सांगावं. तेव्हा त्यांनी ठरवलं की कय्युम काही दबका निघत नाही. कय्युम म्हणजे दगड. आणि हे ठरवून ते इतके निर्धास्त झाले की दिवसातून चार-पाच वेळाच त्यांना ते आठवे.

आता दगड पाच बाकं पुढे बसला होता आणि खड्ड्याखड्ड्याला दचकत होता.

एरंडोलला गाडी थांबली, भरली, कंडक्टर म्हणाला, बठ्ठा मागे सरका भो, आणि सगळे होते तिथेच राहिले. सरांनी पेपरचं पान उलटायला हवं होतं, ते उलटलं नाही. ते मनात हिशेब करत होते. भीती वाटली की त्यांना हिशेब सुचत. लहानपणी अंधारात ते पाढे म्हणत. लीगचा नियम त्यांना पाठ होता. नोंदणीआधी खेळाडू अपात्र ठरला तर त्याची पुढे ढकललेली सगळी रक्कम यंदाच्याच कॅपमध्ये एकदम कोसळते. ती त्याला दिली न दिली तरी. कारण लीगवाल्यांनाही आपल्या मुलखात 'देणार नाही' म्हणजे 'दुसऱ्या हाताने देणार' हे ठाऊक होतं. म्हणजे आज कय्युम नापास झाला तर साठाचे सहासष्ट. हरियाणावाल्याची नोंदणी रद्द, संघाला दंड, शेठची शोभा, आणि जूनमध्ये बाक. कय्युमला कलम नऊ. ही एक बाजू. दुसरी बाजू: आज तो पास झाला आणि नंतर सामन्यात जायबंदी झाला, तर नियम वेगळा. मैदानावरची दुखापत. रक्कम पसरलेलीच राहते, बुडत नाही, वर विमाही मिळतो. कॅप शाबूत. हरियाणावाला शाबूत. कय्युमचे नऊ लाख शाबूत. सरांचे अकरा महिने शाबूत. फक्त आज सही करायची आणि रविवारच्या पहिल्या सामन्यात कय्युमचा गुडघा तुटायला हवा. लवकर तुटला तर उत्तम. पहिल्याच चढाईत तुटला तर कोणाला शंकाही येणार नाही.

बन्सीलाल सरांनी हिशेब पुन्हा केला. ताळा जमला. सगळ्या बाजूंनी जमला. एकोणीस वर्षांत फळ्यावर इतका स्वच्छ ताळेबंद त्यांनी कधी उतरवला नव्हता, आणि तो पाहताना त्यांच्या मानेवरून घाम उतरू लागला, जानेवारीत, खिडकीच्या फटीपाशी.

"काय हुयनं भाऊ?" वच्छलाबाई म्हणाली. "तब्येत बरी शे ना?"

सर म्हणाले, बरी आहे. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. पाणी पिताना त्यांना तोतारामची आठवण आली. वडिलांना ते मनात नावानेच आठवत. का, ते त्यांनी कधी तपासलं नव्हतं. आठ वर्षांचे असताना तोतारामने त्यांना शिरपूरच्या बैलबाजारात नेलं होतं. बैल मागच्या उजव्या पायाने लंगडत होता. थोडासाच. घरून निघाल्यापासून दोन कोस तोतारामने त्याला रस्त्याच्या कडेच्या नांगरटीतून चालवला, आणि बाजारात खडी टाकलेली जागा सोडून लांब, ओढ्याच्या अंगाला, मऊ मातीत उभा केला. मऊ मातीत लंगडणं दिसत नाही. दोंडाईच्याचा एक माणूस आला, त्याने बैलाचे दात पाहिले, शेपूट पाहिलं, म्हणाला, चालवून दाखवा. तोतारामने कासरा छोट्या बन्सीच्या हातात दिला. बन्सी पुढे, बैल मागे, मऊ मातीतून. गाळणीतून पडल्यासारखी माती पायाखाली गळत होती आणि बैल एखाद्या नवरदेवासारखा चालला. बन्सीला तेव्हा बैलाचा श्वास मानेवर लागत होता. माणूस पैसे देऊन बैल घेऊन गेला, खडीच्या रस्त्याने. वळणावर तो थांबला आणि वाकून बैलाच्या पायाकडे बघू लागला. तोतारामने बन्सीचा दंड धरला आणि ते भराभर चालायला लागले. शेव घेऊन दिली. बन्सी खाईना, तेव्हा तोताराम चिडून एवढंच म्हणाला, "त्यानी इचारं का?"

खरंच, त्याने विचारलं नव्हतं. बन्सीलाल सरांनी पुढे आयुष्यभर या प्रश्नावर बरंच बांधकाम केलं होतं.

पारोळ्याला इंजिन तापलं. इंजिनाला ऋतू कळत नाहीत. ड्रायव्हर म्हणाला अर्धा तास, उतरा. सर मुद्दाम शेवटी उतरले. कय्युम कुठे दिसत नव्हता. हायसं वाटलं. ते स्टँडबाहेर येऊन रस्त्याच्या कडेने उगाच चालू लागले, आणि चालता चालता एका लहान मशिदीच्या उघड्या दारासमोर आले. दुपारची नमाज सुरू होती. दहा-बारा माणसं, दोन रांगा. सगळी एकदम वाकली. सगळी एकदम गुडघ्यांवर गेली, कपाळं जमिनीला टेकली. रांगेच्या टोकाला, उजव्या कोपऱ्यात, एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती, आणि तिच्यावर कय्युम बसला होता. हात मांडीवर, मान पुढे झुकवलेली, जेवढी झुकते तेवढी. सगळे खाली आणि तो एकटा वर. सत्तरीच्या म्हाताऱ्यांना असते ती खुर्ची. सर दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले आणि त्यांना असं वाटलं की आपण कोणाला तरी कपडे बदलताना पाहिलंय.

तिथून परतून सर स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर रस्त्याकडे पाठ करून बसले. शेजारी कोणीतरी आलं आणि आधी डावा पाय, मग उजवा, असं बाकावर स्थिरावलं.

"जळगावपासून आहे ना सर तुम्ही?" कय्युम म्हणाला. "मला वाटलंच. पेपर सुलटा होता, पण पान काही उलटत नव्हतं."

सरांनी दुसरा चहा सांगितला. चहा आला. मग कय्युमच बोलू लागला, चहाकडे बघत. दिवाळीनंतर सरावात फिरला होता गुडघा. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला होता, धागा तुटतो तसा. मागाच्या खडखडाटातही त्याला तुटलेला धागा ऐकू येतो, मग हा कसा नाही येणार. एका डॉक्टरला दाखवलं, गुपचूप, नाव बदलून. तो म्हणाला, आत्ता थांबलास तर चालत राहशील, अजून एकदा फिरला तर पाय फक्त दाखवायला राहील. सबाला सांगितलेलं नाही. मुलगी, अफरीन, तेल लावून देते; तिला वाटतं सगळ्याच अब्बांचे गुडघे रात्री गरम होतात.

"मग आज?" सर म्हणाले.

"आज काढतो की बैठका. दहा काय, वीस. गोळी घेतलीय." तो थांबला. "तिथं मात्र नाही जमत, सर. कपाळ टेकून सजद्यात गेलो की उठता येत नाही, आणि सोंग कुणासमोर करायचं? डॉक्टरसमोर ठीक आहे."

सरांनी ग्लास खाली ठेवला. कय्युम आता त्यांच्याकडे बघत होता. तो घोट्याकडे बघे तसा, खालून.

"कागदात काय आहे मला ठाऊक नाही," तो म्हणाला, "पण शेठ ठाऊक आहेत. आज बसलो तर गेले पैसे. आणि मैदानात बसलो तर राहतात. बरोबर? तुम्हीच सांगितलं होतं पोरांना, विम्याचं समजावताना. मग रविवारी पहिल्याच चढाईला त्याचा घोटा धरतो आणि बसतो. तुम्हाला पण काही नाही, मला पण काही नाही."

म्हणजे हाही पावणेबारापासून तोच हिशेब करत होता. बहुधा दिवाळीपासून. पाच बाकांच्या अंतरावर दोन माणसं एकाच बेरजेला बसली होती आणि उत्तर एकच आलं होतं. बन्सीलाल सरांना सगळ्यात भयंकर हे वाटलं की त्यांना क्षणभर बरं वाटलं. एकटं नसल्याचं. मग कय्युम जरा लाजून म्हणाला की शेठनी परवा सरावाला येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भिंत लांब होती. सरांनी चहाचे पैसे दिले. कलम नऊ जिभेवर आलं होतं, केळीच्या चिकासारखं, तुरट. पण कंडक्टरने घंटी मारली. उरलेला रस्ता ते शेजारी शेजारी बसून आले. मुकटीला वच्छलाबाई उतरली आणि उतरताना कय्युमला म्हणाली, पाय संभाय रे भाऊ. तिनेही पाहिलं होतं. सगळी गाडी बहुधा बघत होती. शेठ तेवढे रावेरला होते.

धुळ्याला नोंदणीच्या हॉलमध्ये गर्दी ओसरली होती. मध्ये मॅट अंथरलेली, तिच्यापलीकडे टेबल. टेबलामागे एक खुर्ची डॉक्टरची आणि बाजूला एक, तिच्या पाठीला कागद चिकटवलेला: मॅनेजर. सर त्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी फाइल उघडली. डॉक्टर तरुण होता, बोलका; वजन घेताना त्याने सहज सांगितलं की तो मूळ दोंडाईच्याचा, आजोबांची शेती होती, बैल होते. सरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहवलं नाही. गावात शेती आणि बैल कोणाच्या आजोबांकडे नसतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजावणं लागू पडलं नाही.

डॉक्टर म्हणाला, जरा चालून दाखवा. कय्युम मॅटवर चालला. मॅट मऊ होती. पाऊल बुडत होतं आणि वर येत होतं, आणि कय्युम या टोकापासून त्या टोकापर्यंत असा चालला की शेठनी पाहिला असता तर नवतीचा भाव बोलले असते. वळला, परत आला. सरांच्या मानेवर गरम श्वास लागला. मागे कोणी नव्हतं.

"काही त्रास? गुडघा, खांदा?"

"नाही साहेब."

डॉक्टरने लिहिलं. मग लिहिता लिहिता, मान वर न करता, म्हणाला, "मॅनेजर, तुम्हाला काही सांगायचंय?"

सरांना वाटलं होतं असं कोणी विचारत नाही. त्या बैलबाजारापासून त्रेचाळीस वर्षं ते या भरवशावर होते. तोंड उघडलं आणि आतून शब्द आले ते असे: "काही नाही." आवाज स्वतःचाच होता. टेबलावर फोन थरथरला, प्रेमराज शेठ. सरांनी तो पालथा घातला.

"दहा बैठका," डॉक्टर म्हणाला. "सावकाश."

एक. दोन. कय्युम समोर भिंतीकडे बघत होता. तीन. चार. चेहऱ्यावर काही नव्हतं, मागावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच. पाचव्याला सरांना तो आवाज ऐकू आला, धाग्याचा. कदाचित मॅटचा असेल. सहा. डॉक्टर पेनाचं टोपण शोधत होता. सात. कय्युमच्या कानामागून घामाची एक रेघ उतरली आणि बनियनच्या आत गेली. आठ. फॉर्म समोर होता, सहीची जागा फुलीने दाखवलेली होती, आणि दोन बैठकांनंतर ती जागा भरायची होती, आणि मग रविवार येणार होता. कय्युम नवव्यासाठी खाली जाऊ लागला.

बन्सीलाल सरांनी काही ठरवलं नाही. हे त्यांना नंतर पुष्कळांना सांगावं लागणार होतं आणि कोणाला पटणार नव्हतं. ते उठले, आपली खुर्ची उचलली, बुटांसकट मॅटवर गेले आणि ती त्यांनी कय्युमच्या मागे ठेवली. कय्युम खाली येतच होता. तो खुर्चीवर बसला. हात मांडीवर आले, मान थोडी पुढे झुकली.

डॉक्टरने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग उजव्या पायाकडे. पाय सरळ झाला होता, आपोआप.

कय्युम मागे वळला नाही. "आठ झाल्या होत्या, सर," तो म्हणाला. "दोनच राहिल्या होत्या."

डॉक्टर उठून मॅटच्या कडेपर्यंत आला आणि त्याने विचारलं, कधीपासून. कोणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं. पण विचारलं होतं.

"दिवाळीपासून," सर म्हणाले. "मला आज सकाळपासून ठाऊक आहे. आणि एक कोरा कागद द्या. करारात एक कलम केळीचं राहिलंय, ते मी घातलंय, असं लिहून द्यायचंय. त्यात याची चूक नाही."

कागदाने काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. बहुधा काहीच नाही, आणि जूनमध्ये पुष्कळ. कय्युमचे खांदे हलत होते, आणि ते रडणं होतं की संताप, हे मागून कळत नव्हतं. पुढे जाऊन बघायचा सरांना धीर झाला नाही. टेबलावर पालथा फोन पुन्हा थरथरू लागला आणि थरथरत थरथरत काठाकडे सरकू लागला. सरांनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती, 'मॅनेजर' लिहिलेल्या कागदावरच. सोडली तर आपणच खाली बसू असं त्यांना वाटत होतं, आणि बसायला आता काही नव्हतं.